झिजलेली शेपटी

आमच्या मागच्या दाराला चार पायऱ्या आहेत, जांभ्याच्या. त्या उतरल्या की डाव्या हाताला विहीर, विहिरीला लागून दगडी दोण, आणि दोणीतून सांडलेलं पाणी जिथे मुरतं तिथे अळू. त्यापुढे पोफळी, माड, दोन रातांबे, एक जायफळ, अशी थेट गडग्यापर्यंत वाडी. गडग्यापलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावांत पुष्कळ घरं अशीच आहेत. पुढे रस्ता, मागे वाडी, आणि वाडीच्या टोकाला रात्रंदिवस लाटांचा आवाज. गेल्या पाच वर्षांत मी पक्ष्यांचे जेवढे फोटो काढले, त्यांतले निम्म्याहून जास्त या पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर बसून काढले.

पाहुणे विचारतात, धनेश बघायला जात नाहीस का, नवरंग मिळाला का. दोन्ही बघितलेत. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग आमच्या वाडीतही येतो, पाचोळ्यात टुणटुण उड्या मारतो आणि दोन सुरांची शीळ घालतो. पण मला ओढ लागली ती रोजच्या पक्ष्यांची. रानात गेलं की पक्षी एकदा दिसतो, फोटो होतो, आपण घरी येतो. दारचा पक्षी उद्याही येणार असतो. काल त्याची चोच स्वच्छ होती आणि आज तिला चिखल आहे, हे फक्त दारच्या पक्ष्याच्या बाबतीत कळतं.

हा नाद लागला तो वादळानंतर. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडच्या वाड्याही सापडल्या. आमच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. माडांचे शेंडे उडाले आणि खाली नुसते सोट उभे राहिले. आत्या दुसऱ्या दिवशी वाडीत गेली, ती बराच वेळ काही न बोलता विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. ज्या वाडीत दुपारीही ऊन कवडशांनीच यायचं, तिथे डोळे दिपतील असा उजेड पडला होता. ते बिनशेंड्याचे सोट आम्ही लगेच तोडले नाहीत. माणसंच मिळत नव्हती, सगळ्या गावाची तीच गत. मग वर्षभरात एका सोटाला सोनपाठी सुतारपक्ष्याने भोक पाडलं. पुढच्या वर्षी त्यात मैना राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच ढोलीत दयाळ आले. मी कॅमेरा हातात घेतला तो या सोटांवर कोण कोण येतं त्याची नोंद ठेवायला. वादळाने काय नेलं ते आत्याच्या वहीत लिहिलेलं आहे, झाडागणिक. कोण आलं तेही कुठेतरी राहावं असं वाटलं.

दयाळाचा फोटो काढणं ज्याला सोपं वाटतं, त्याने एकदा काढून बघावा. नर काळा कुळकुळीत, पंखावर पांढराशुभ्र पट्टा, पोट पांढरं. एकाच पक्ष्यात काजळ आणि चुना. काळ्यातलं पीस दिसावं म्हणून उजेड वाढवला की पट्टा फुटतो, तिथे कोरा कागद उरतो आणि त्यातून पुढे काहीही परत मिळत नाही. पट्टा सांभाळला की डोकं म्हणजे डांबराचा गोळा, त्यात डोळाही बुडून जातो. मी पट्टा सांभाळतो. काळोखातून थोडंफार वर काढता येतं, फुटलेल्या पांढऱ्यातून काहीच नाही. आणि सकाळी साडेसात-आठच्या तिरप्या उन्हात तो मान वळवतो तेव्हा कळतं की हा काळा नुसता काळा नाही. त्यावर निळसर झळाळी आहे. हा निळा कुठल्या रंगाचा नसतो, पिसाच्या घडणीवरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो. जास्वंदीवरच्या शिंजिराच्या गळ्याचंही तसंच. एका क्षणी जांभळा, मान फिरली की काळपट. मोठ्या जास्वंदीत त्याची चोच वरून पोचत नाही, म्हणून तो फुलाच्या देठाशी भोक पाडून मध पितो आणि तेवढा वेळ पाठमोरा असतो. गळ्याच्या रंगासाठी मी तीन सकाळी बसलो आहे.

पण मला सांगायचं आहे ते मादीबद्दल. नराच्या काळ्याच्या जागी तिच्या अंगावर राखाडी रंग असतो, म्हणून आत्या तिला करडी म्हणते. शेपटी दोघांची सारखीच. मधली पिसं गडद, कडेची पांढरी. सोटातल्या ढोलीत अंडी घातली की ती एकटी उबवते, सुमारे दोन आठवडे. नर बाहेर गातो, राखण करतो, पिल्लं झाली की चारा आणतो, पण त्या अंधाऱ्या भोकात बसते ती करडीच. ढोली अरुंद. शेपटी भिंतीला टेकते, मुडपते, दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करताना घासते. आणि त्यात पांढरी पिसं आधी झिजतात. काळ्या-करड्या पिसांत मेलॅनिन असतं, त्याने पीस रंगतं आणि घट्टही होतं. पांढऱ्यात ते नसतं. जून उजाडेपर्यंत करडीच्या शेपटीच्या डाव्या कडेचं पांढरं पीस टोकाशी पार विस्कटलेलं होतं, जुन्या केरसुणीसारखं, आणि त्याच्या शेजारचं अर्ध्यावर तुटलेलं. आत्याला आता लांबचं नीट दिसत नाही, पण ती पायरीवर तांदूळ निवडत बसलेली असली आणि करडी दोणीवर उतरली, की ती शेपटी उडवण्याच्या ढंगावरून ओळखते. दयाळ खाली उतरला की शेपटी ताडकन वर करतो. करडीची वर जाताना जरा डावीकडे फाकायची.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतरची सकाळ. आकाश खाली आलेलं, वाडीत संध्याकाळसारखा अंधार. करडी दोणीच्या काठावर आली, इकडे तिकडे पाहिलं आणि पाण्यात शिरली. मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकलेल्या जुन्या चादरीमागे होतो. अंतर पाच मीटर, भिंग ४०० मिलिमीटरचं. एवढ्या जवळून या भिंगाला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन-चार सेंटीमीटर जाडीचा असतो, आणि दयाळ चोचीपासून शेपटीपर्यंत १९ सेंटीमीटरचा. म्हणजे ती समोर तोंड करून असली की डोळा मिळाला तर शेपटी धूसर. ती अगदी बाजूने उभी राहील तेव्हाच डोळा आणि शेपटी एकत्र स्पष्ट येणार. ती अंघोळ उरकून काठावर चढली, आडवी उभी राहिली आणि अंग फुलवून झटकलं. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात वाढवायचा आकडा, ६४००; शटर सेकंदाचा १/८००. सात फोटो मिळाले. त्यांतल्या एकात सगळं होतं.

सगळं होतं, आणि त्यावर दाणे होते. रव्यासारखे. अंधारात आयएसओ वाढवला की ते येतातच, कारण मुळात उजेडच कमी आलेला असतो. उजेड सतत धारेने येत नाही, थेंबाथेंबाने येतो, पागोळीसारखा. थेंब कमी असले की शेजारच्या दोन ठिपक्यांवर कमीजास्त पडतात आणि तोच फरक दाणा होऊन दिसतो. चौपट उजेड मिळाला की हा दाणा सुमारे निम्मा भासतो. पण मृगाच्या सकाळी आमच्या वाडीत चौपट उजेड आणायचा कुठून?

त्याआधी काही महिने मी एक नवीन प्रोग्राम घेतला होता. फोटो त्यात टाकायचा, तो दाणे काढतो आणि बारकावे वाढवतो, आपण काही करायचं नाही. मी करडीचा फोटो टाकला. मिनिटभरात जे समोर आलं ते पाहून मी खुर्चीत ताठ बसलो. छातीवरचं पीस न् पीस सुटं, डोळ्यात आभाळ, दोणीच्या काठावरचं शेवाळ मखमली. मी लॅपटॉप घेऊन ओटीवर गेलो.

आत्याने चष्मा लावला, स्क्रीन जरा लांब धरायला लावली आणि पाहत राहिली.

"छान आहे. कुणाची रे ही?"

"अगं आत्या, आपली करडी. आज सकाळी दोणीवर होती ती."

"नव्हे," ती म्हणाली. "आपलीची शेपटी अशी नाही."

मी मोठं करून पाहिलं. डावीकडचं पांढरं पीस टोकापर्यंत गुळगुळीत होतं, कडा सुरीने कापल्यासारखी. विस्कटलेले तंतू गेले होते. तुटलेल्या पिसाच्या जागी प्रोग्रामने एक अंधुक, पण अखंड टोक काढून ठेवलं होतं. मूळ फाइल उघडली. तिथे दाण्यांच्या आत केरसुणी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फोटो खोटा झाला एवढंच दुःख नव्हतं. दोन आठवडे ती ज्या अंधारात बसली त्याची एवढीच एक खूण तिच्या अंगावर होती, आणि माझ्या घरात, माझ्या टेबलावर ती पुसली गेली होती. आणि मी ते बघून खूश झालो होतो.

पुढचे काही दिवस मी यावरच विचार केला, कारण प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. साधा फोटोसुद्धा अंदाजावरच उभा असतो. कॅमेऱ्याच्या आतल्या पट्टीवरचा एकेक ठिपका एकच रंग मोजतो. कुणी हिरवा, कुणी तांबडा, कुणी निळा. चारांतले दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा, अशी जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. हिरवे दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावा मुख्यतः हिरव्यातून कळतो. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला लागणाऱ्या तीन आकड्यांपैकी एक मोजलेला आणि दोन शेजाऱ्यांना विचारून भरलेले. दोन तृतीयांश फोटो अंदाजच आहे! मग मी प्रोग्रामवर कशाला रागावलो?

मला सापडलेलं उत्तर असं. जाळीचा अंदाज शेजारच्या ठिपक्याला विचारतो. तो ठिपकाही त्याच पक्ष्यावरून, त्याच क्षणी, त्याच अंधारातून आलेला असतो. त्या प्रोग्रामचा अंदाज आधी पाहिलेल्या हजारो दुसऱ्या चित्रांना विचारतो. पांढरं पीस साधारण कसं असतं, हे त्याला त्यांनी सांगितलं. साधारण पीस अखंड असतं. करडीचं नव्हतं. गावात एखाद्या घरी काय घडलं ते शेजाऱ्याला विचारणं वेगळं, आणि अशा घरांत साधारण काय घडतं ते परगावच्या माणसाला विचारणं वेगळं.

ती फाइल मी पुन्हा हाताने केली. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. ज्यांना असं काम करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. दाणे आधी पार्श्वभूमीवरचे काढले, तिथे काढावे तेवढे काढावेत, धूसर पोफळीला कसला बारकावा! पक्ष्यावर रंगाचे दाणे, म्हणजे राखाडीत मधेच दिसणारे तांबडे-हिरवे ठिपके, तेवढे काढले. उजेडाच्या दाण्यांना जवळजवळ हात लावला नाही. विस्कटलेल्या पिसाचा एक तंतू आणि एक दाणा यांची जाडी सारखीच असते, एक काढताना दुसरा जातो. मग धार. धार लावायची जी जुनी रीत आहे, अनशार्प मास्क, तिच्या नावात 'अनशार्प' का, असं मला सुरुवातीला कोडं पडायचं. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये निगेटिव्हवरूनच एक मुद्दाम धूसर केलेली प्रत काढायचे आणि ती मूळ निगेटिव्हला जोडून छपाई करायचे. धूसर प्रतीने मोठे उजेड-अंधार दबतात आणि कडा उठून येतात. संगणक आज तेच गणिताने करतो. त्यात नवं काही येत नाही, जो फरक तिथे आहे तोच ठळक होतो, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे. त्रिज्या, म्हणजे कडेभोवती ही धार किती रुंद पसरते ते माप, मी एका पिक्सेलच्या आत ठेवतो, पिसांसाठी ०.६ किंवा ०.७. त्रिज्या मोठी झाली की पाठीच्या कडेने पांढरी रेघ उमटते आणि पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. धार फक्त डोळा, चोच, पंखाची कडा, शेपटी आणि पाय यांनाच, बाकीचं झाकून. शंभर टक्क्यांवर बघत काम करायचं, आणि झालं की उठून पायरीवर जाऊन यायचं. परत आल्यावर निम्मी धार नेहमी जास्त वाटते. ती कमी करायची.

चित्र खडबडीत झालं. छातीवर रवा राहिला. आत्याने पाहिलं आणि ती काही बोलली नाही, फक्त शेपटीवर बोट ठेवलं.

बारकाव्याच्या मागे लागून माझ्या हातून याहून वाईटही घडलं आहे, तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी शिंपी पक्ष्याने हळदीच्या वाफ्याशेजारच्या झुडपाची दोन पानं शिवून घरटं केलं होतं. शिवणीतले टाके, पानाला पाडलेलं एकेक भोक आणि त्यातून ओवलेला कापसासारखा धागा मला हवा होता. उजेड यावा म्हणून वरचं एक पान मी दोऱ्याने मागे बांधलं. दहा मिनिटांत फोटो काढून पान सोडलं, पण ते पहिल्यासारखं बसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, त्या झुडपातून बाहेर येताना दिसला. घरटं रिकामं होतं. भारद्वाज दिसणं शुभ मानतात, आत्याही हात जोडते. त्या दिवशी तिने जोडले नाहीत. ती मला म्हणाली, "त्याची चूक नाही. दार तू उघडलंस." तेव्हापासून घरट्याजवळ मी कॅमेरा नेत नाही. ढोलीतल्या करडीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

इथली हवाही बारकाव्याच्या आड येते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर जमीन तापली की गडग्यावरच्या पक्ष्याची कडा पाण्यातल्यासारखी थरथरते. ती थरथर फोटोत येते आणि कुठल्याही धारेने जात नाही. तेव्हा कॅमेरा ठेवून द्यावा. आणि पावसाळ्यात बुरशी. खाऱ्या दमट हवेत भिंगाच्या आत ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझे सगळे फोटो धुक्यातले यायला लागले, आणि मी कितीतरी दिवस धार वाढवत बसलो होतो. शेवटी भिंग उजेडाकडे धरून पाहिलं तेव्हा दिसलं. शहरातल्या एका दुकानात ते साफ करून मिळालं, पण एका कोपऱ्यात काचेवरचा लेपच बुरशीने खाल्ला होता. आता कपाटात, हळदीकुंकवाच्या करंड्याच्या वरच्या फळीवर, झिरोचा दिवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अखंड जळतो. भिंगं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. त्या कपाटात आत्याने आपली पैठणीही आणून ठेवली आहे.

भाद्रपदात करडी दिसेनाशी झाली. गणपती गेले, भात पोटरीला आलं, नवरात्र बसलं. विणीनंतर पक्षी पिसं टाकतात तेव्हा ते गप्प असतात, दाट झाडीत राहतात. नरसुद्धा गात नव्हता. मी दोणीतलं पाणी रोज बदलत होतो. एका सकाळी अळवात एक पांढरं पीस सापडलं, टोकाशी विस्कटलेलं. तिचंच, असं मी कसं म्हणू? मी ते भिंगाखाली धरून पाहिलं. मधला दांडा, त्याला दोन्हीकडून तंतू, तंतूंना त्याहून बारीक तंतू. धडधाकट भागात ते एकमेकांना आकड्यांनी अडकलेले, बोट फिरवलं की सुटतात आणि पुन्हा फिरवलं की जुळतात. टोकाशी आकडेच उरले नव्हते. ते पीस मी आत्याच्या वहीत, वादळाच्या पानांत ठेवलं.

कोजागिरीनंतर दोन दिवसांनी एक मादी दोणीवर आली. पाठ स्वच्छ राखाडी, शेपटी कोरी, दोन्ही बाजूंची पांढरी पिसं टोकापर्यंत अखंड. त्या प्रोग्रामने काढली होती तश्शी. तिने ती ताडकन वर केली, सरळ.

"तीच का रे?" आत्याने विचारलं.

मला सांगता येईना. खूण तर गळून गेली होती. मी आत जाऊन जूनमधला तो फोटो उघडला, हाताने केलेला, रवा असलेला. शेपटी सोडून बाकीचं सगळं पुन्हा बघत गेलो. चोच, डोळ्याभोवतीची कडा, पंखावरचा पट्टा. आणि मग पाय. दोणीच्या काठावर रोवलेल्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट मधल्या पेऱ्यात आत वळलेलं होतं, जुन्या दुखापतीसारखं, आणि तिथले खवले एकावर एक चढलेले. चार महिने तो फोटो माझ्याजवळ होता आणि मला ते दिसलं नव्हतं. प्रोग्रामची प्रत मी पुसून टाकली होती, त्याने त्या बोटाचं काय केलं होतं हे आता कळायला मार्ग नाही.

मी कॅमेरा घेऊन परत पायरीवर आलो. ती अजून होती. पाण्यात उतरली होती, पोटापर्यंत, आणि पंखांनी पाणी उडवत होती. पाय दिसत नव्हते.

"हलू नकोस," आत्या म्हणाली. "वर येईल आता."